वत्सलाअक्काच्या कंपायलरमधली चूक

माझी एक गोष्ट हुबळी-धारवाडात बरीच चालते. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, दिवाळीच्या फराळाला, कुणीतरी म्हणतंच, "गजूसर, ती कंडक्टरवाली होऊन जाऊ द्या की!" मी आढेवेढे घेतो. घ्यावेच लागतात, नाहीतर मजा काय? मग उठतो, खांद्याला नसलेली चामड्याची पिशवी अडकवतो, नसलेल्या दांडीला लोंबकळतो आणि सुरू करतो. माणसं डोळे पुसेपर्यंत हसतात.

मी सांगतो तेवढी गोष्ट खरी आहे. मीठमसाला सोडला तर त्यात खोटं काही नाही. फक्त मी जिथं थांबतो तिथं ती संपत नाही. पुढचा भाग आजवर कुणाच्या कानावर गेलेला नाही — बायकोच्या नाही, भावाच्या नाही, आणि दोन पेग झाल्यावर मी जे काय काय बरळतो त्यातही तो कधी आलेला नाही. माझ्यासारख्या बडबड्यानं एखादी गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवावी, यावरूनच तिची जात ओळखा. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. आणखी एक आहे. ते शेवटी येईल.

आधी पहिला अर्धा सांगतो. तो सांगायला मला आवडतो — हेही कबुलीतच धरा.

कॉम्प्युटर नुकते गावात आले होते तेव्हाची गोष्ट. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि कॉम्प्युटर असलेल्या खोलीत चपला काढून जायचं, देवघरात जावं तसं. विद्यानगरात एका झेरॉक्सच्या दुकानावर माझा क्लास होता. वडिलांचं जुन्या हुबळीत कापडाचं दुकान. कापड दोन बोटांत चुरगाळून ते क्षणात सांगायचे, सूत कसलं, रंग टिकेल की जाईल. मला त्या चुरगाळण्यातलं काही कळलं नाही. त्यांची भुवई तेवढी मी उचलली. कुणी कॉम्प्युटरचं काही विचारलं की मी हात लावायचा, भुवई उडवायची आणि निकाल द्यायचा. लोकांना निकाल आवडतो हो. तपासणीला कुठं कुणी टाळ्या वाजवतं?

तर मी गावातला जाणकार. इथल्या एका शिक्षणसंस्थेला आपल्या कॉलेजांसाठी कंपायलर घ्यायचा होता, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. कंपायलर म्हणजे दुभाषा, बाकी काही नाही. आपण प्रोग्रॅम आपल्याला समजेल अशा भाषेत लिहितो, आणि तो यंत्राला समजेल अशा भाषेत उतरवून देतो. आमच्या गावात सगळेच कानडी-मराठीचे दुभाषे, त्यामुळे हे मी एका वाक्यात समजावायचो आणि मुलं माना डोलवायची. एक परदेशी, नावाजलेला कंपायलर तेव्हा सगळीकडे चालायचा — फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवलेला, फुकट. माझ्या क्लासातही तोच. पण संस्थेला चोरीचा माल ठेवायचा नव्हता. विकतचा घ्यावा तर किंमत ऐकून चेअरमन खुर्चीत मागे सरकले. ते रुईचे मोठे व्यापारी. किंमत ऐकून मागे सरकायची त्यांना सवय होती, पण या वेळी नाटक नव्हतं.

आणि दुसरीकडे एक स्वस्त कंपायलर होता. अगदी स्वस्त. एखाद्या विद्यार्थ्यानं खानावळीच्या पैशातून घ्यावा एवढा. तो धारवाडात बनला होता, आणि बनवला होता वत्सलाअक्कानं.

वत्सलाअक्का माझ्या मावशीच्या शेजारची. मला गणित तिनंच शिकवलं, आणि शिकवताना माझ्या बुद्धीबद्दल जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. पुढं धारवाडच्या एका कॉलेजात लेक्चरर झाली. अंगाबांध्यानं किरकोळ, बोलायला तिखट, आणि नम्रता हा प्रकार तिच्या गावी नव्हता. "कंपायलर लिहिणारी या गावात मी एकटी," म्हणायची. "पुढच्या गावातही. बेळगावपर्यंत विचारून ये जा." खरंच होतं. कॉलेज संपलं की ती तिथल्या मशीनवर बसायची. कित्येक वर्षं. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायची, थांबा, अजून याचंच जमायचंय.

त्या कंपायलरची एक गंमत होती. प्रोग्रॅममध्ये चूक झाली की इतर कंपायलर इंग्रजीत खेकसतात. वत्सलाअक्काचा कानडीत बोलायचा — अक्षरं इंग्रजी, पण भाषा अस्सल धारवाडी. आणि धारवाडी म्हटल्यावर 'री' आलंच. 'री' म्हणजे आपलं 'अहो' — इकडं भांडतानाही माणूस 'री' लावल्याशिवाय भांडत नाही. तर तिचा कंपायलर म्हणायचा, 'स्वल्प नोड्री' — जरा बघा हो. त्याच्यापुढं ओळीचा नंबर.

"हे काय गं अक्का?" मी विचारलं होतं.

"खेड्यातली पोरं येतात रे माझ्याकडं. पडद्यावर 'एरर' आलं की हात मागं घेतात, आपण काहीतरी मोडलं म्हणून. यंत्र रागावलं असं वाटतं त्यांना. म्हणून मी त्याला माणसासारखं बोलायला शिकवलं. चुकीचं आहे काय?"

चुकीचं नव्हतं. मला तेव्हाही ते ग्रेट वाटलं होतं. हे लक्षात ठेवा — मला ते ग्रेट वाटलं होतं.

संस्थेनं कंपायलर घेतला असता तर संस्थेच्या सगळ्या कॉलेजांत तो गेला असता, आणि संस्थेच्या मागोमाग इतरही आले असते. वत्सलाअक्कानं बिनपगारी रजा काढून ठेवली होती. नोकरी सोडून हेच करायचं, ठरलं होतं तिचं. संस्थेच्या निर्णयाच्या बैठकीआधी बरेच दिवस तिनं फ्लॉपी आणि माहितीपुस्तक माझ्या हातात दिलं. "नीट तपास," म्हणाली. "आणि माझ्यासाठी म्हणून गोड बोलायचं नाही. खराब असेल तर खराब म्हण."

मी तपासला का? नाही. आमच्या नाटकाच्या तालमी चालू होत्या. आणि भुवई होतीच की.

बैठक कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत झाली. चेअरमन, प्रिन्सिपॉल, संस्थेचे चार-पाच सभासद, भिंतीला टेकून वत्सलाअक्का. चेअरमन म्हणाले, "एन् री मास्तर, तगोळ्ळोदा, ब्याडा?" — घ्यायचा का नको? मी बाह्या सरसावल्या आणि माझा हुकमी प्रोग्रॅम काढला. क्लासातल्या मुलांचे गुण घालायचे, की पास-नापास आणि नंबर लावून यादी बाहेर. नावाजलेल्या कंपायलरवर तो कित्येक महिने धावत होता. येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी तो दाखवायचो.

वत्सलाअक्काच्या कंपायलरवर तो सुरू झाला, सरसर पुढं गेला, आणि शेवटाला येऊन थांबला. पडद्यावर अक्षरं आली — 'जागा इल्री'.

जागा नाही हो!

सांगा, माझ्यासारख्या माणसानं काय करायचं? हुबळी-धारवाड बसनं रोज जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानात कंडक्टरचे हे दोन शब्द बसलेले. मी खुर्चीवरून उठलो, दाराच्या चौकटीला लोंबकळलो, आणि नवलूरच्या स्टॉपवरच्या गर्दीला आवाज दिला — "जागा इल्री! हिंद बस् बर्तद री!" मागून बस येतेय! मग मी प्रवासी झालो, मग टोपली घेतलेली म्हातारी झालो, मग दोघांना ढकलणारा कंडक्टर. प्रिन्सिपॉलांनी चष्मा काढला. चेअरमन पोट धरून म्हणत होते, "साक् री मास्तर, साक्!" पुरे, पुरे!

हसू ओसरल्यावर वत्सलाअक्का म्हणाली, "हसून झालं असेल तर प्रोग्रॅम उघड. कुठल्या ओळीला अडलंय ते तिथंच लिहिलंय बघ."

आणि मी म्हणालो, "अक्का, हीच ओळ माझ्याकडं रोज धावते. तुझ्याच गाडीत कशी जागा नाही?"

पुन्हा हशा. पहिल्यापेक्षा मोठा. तीही त्यात जराशी हसली, मान हलवली आणि "बघते मी," म्हणाली.

इथं मी थांबतो. पंगतीत इथं टाळ्या पडतात.

आता पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासात कुणी नव्हतं. लेखी अहवाल द्यायचा होता, तेव्हा निदान कुठं अडलं ते तरी लिहावं म्हणून मी प्रोग्रॅम उघडला. सांगितलेल्या ओळीवर गेलो. बघितलं. पुन्हा बघितलं — आणि मला, खोटं कशाला बोलू, घाम फुटला.

सोप्या शब्दांत सांगतो. प्रोग्रॅममध्ये गुण ठेवायला खणांचं कपाट करावं लागतं, आणि खण किती ते आधी सांगावं लागतं. मी चाळीस खण केले होते, कारण मुलं चाळीस होती. मग वर्षाच्या मध्यात एक मुलगा नवा आला. मी त्याचं नाव यादीत घातलं. खण वाढवायचा विसरलो. चाळीस खण, एकेचाळीस मुलं. शेवटच्या मुलाचे गुण कपाटाच्या बाहेर, शेजारी जे असेल त्याच्यावर जाऊन पडत होते. शेजारी काय होतं? पास व्हायला किती गुण लागतात तो आकडा. तो नवा मुलगा जितके गुण मिळवील तितके पास व्हायला लागायचे! मधूनमधून माझी यादी भलताच निकाल द्यायची, चांगली चांगली मुलं नापास दाखवायची, आणि मी गंभीर चेहऱ्यानं पालकांना सांगायचो — व्हायरस आहे.

नावाजलेला कंपायलर हे सगळं गुपचूप होऊ द्यायचा. वत्सलाअक्काचा होऊ देत नव्हता. खरंच जागा नव्हती हो. त्यानं तसं, नम्रपणे, ओळीच्या नंबरासकट सांगितलं होतं.

म्हणजे स्वस्त कंपायलर घेण्याजोगा आहे का — या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुढं पडद्यावर होतं. घेण्याजोगा होता. महागड्यापेक्षा चांगला होता. त्या क्षणी ही गोष्ट जगात मला एकट्याला माहीत होती. वत्सलाअक्कालाही नाही.

एक फोन करायचा होता. फार तर काय झालं असतं? लोक हसले असते. मग मला हसण्याची भीती केव्हापासून? मी तर माझ्या फजित्या स्वतःच रंगवून सांगतो — धोतर सुटल्याची, भाषण विसरल्याची, मुलगी बघायला चुकीच्या घरात गेल्याची. यावर मी पुष्कळ विचार केलाय. विदूषक म्हणून मला कितीही हसा, मी आणखी हसवतो. पण मी जाणकार नाही म्हणून कुणी हसलेलं — ते मला चालणार नव्हतं. आणि दुसरं त्याहून वाईट. ती नक्कल इतकी छान झाली होती! आदल्या संध्याकाळपासून गावभर तिचीच चर्चा. खरं सांगितलं की ती नक्कल मेलीच. एका बाईची इतक्या वर्षांची मेहनत एका पारड्यात, आणि दुसऱ्यात माझी पाच मिनिटांची नक्कल. मी नक्कल ठेवली.

पैशाचा लोभ असता तर बरं झालं असतं. निदान कुणाला तरी समजला असता.

अहवाल टाइप करून पाकिटात घातला. कंपायलर स्वस्त असला तरी भरवशाचा नाही, प्रत्यक्ष चाचणीत मध्येच बंद पडला. पाकीट टेबलावर होतं, आणि जिन्यावर चपलांचा आवाज आला. वत्सलाअक्का. धारवाडहून आली होती, आणि चेहऱ्यावरून कळत होतं की झोपलेली नाही.

"तुझा तो प्रोग्रॅम दे," म्हणाली. "रात्रभर शोधलं, माझ्याकडं काही सापडत नाही. तुझाच चालवून बघते. कुठंतरी मी खण मोजायला चुकतेय."

ती खण मोजायला चुकत नव्हती. फ्लॉपी माझ्या टेबलाच्या खणात होती, माझा गुडघा त्याला टेकलेला.

"अक्का, ती फ्लॉपीच गेली गं. करप्ट झाली. वाचतच नाही."

"आणि दुसरी प्रत?"

"नाही ठेवली."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, संपलं, ओळखलं हिनं. गणितात मी उत्तराची चोरी केली की ती ओळखायचीच. पण ती म्हणाली, "असा कसा रे तू वेंधळा," आणि माझ्यासमोरचं पाणी उचलून प्यायली. मग पाकिटाकडं बघून, "अहवाल? खरं तेच लिहिलंस ना? माझी भीड धरली नाहीस?"

"नाही धरली," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी स्वतः जाऊन पाकीट देऊन आलो.

संस्थेनं कंपायलर घेतला नाही. त्यात मला आश्चर्य वाटलं नाही. मला ज्याचा अंदाज नव्हता ते पुढं झालं. मला वाटलं होतं ती चिडेल, माझ्याशी बोलणं टाकेल, आणि दुसरीकडं कुठंतरी विकेल. तिनं विकलाच नाही. ती चूक शोधत बसली. रजा त्यातच गेली. धारवाडात भेटली की पहिलं वाक्य हेच — "सापडली नाही रे अजून." माझ्या सांगण्यावर तिचा एवढा विश्वास बसला होता, की स्वतःच्या गणितावरचा उडाला. नसलेली वस्तू कुणाला सापडते का? आणि मी काय म्हणायचो? मी म्हणायचो, "कशाला जिवाला लावून घेतेस अक्का." काळजीच्या स्वरात. तो स्वर मला चांगला जमतो.

मग एकदा म्हणाली, बंद केलं. ज्यातली चूक आपल्याला सापडत नाही ते पोरांच्या हातात द्यायचं नाही. पुन्हा कॉलेजात रुजू झाली. त्यानंतर तिनं लिहिलं नाही काही. शिकवलं, पेपर तपासले, निवृत्त झाली. आमचं जाणं-येणं कधी तुटलं नाही. माझ्या मुलीला गणित तिनंच शिकवलं. आणि तिच्या भाचीच्या लग्नात, सगळे जमलेले असताना, तीच मला म्हणाली होती, "गजू, बरेच दिवस झाले, माझ्या कंपायलरची टर उडव की." मी उडवली. ती सगळ्यांत पुढं बसून हसली.

गेल्या हिवाळ्यात तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी धारवाडात तिचा सत्कार केला. सूत्रसंचालन अर्थातच माझं. भाषणं झाली, शाल झाली, आणि एका मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः कधी काही बनवलं होतं का?"

वत्सलाअक्का माइकजवळ आली. "बनवला होता एक कंपायलर," म्हणाली. "चांगला होता. पण त्यात एक चूक होती, ती मला शेवटपर्यंत सापडली नाही. हा गजू माझ्या घरातला पोरगा, पण चारचौघांत तोंडावर सांगितलं त्यानं. भीड धरली नाही. पोरांनो, आपली चूक दाखवणारं असं एक माणूस जवळ असावं बघा."

सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. माझ्यासाठी. लोक उभेसुद्धा राहिले. माइक माझ्या हातात होता. टाळ्या थांबल्या आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले, आता हा काय बोलतो म्हणून.

मी कमरेत वाकून नमस्कार केला, आणि चहापानाची सूचना दिली.

तिच्या कंपायलरमध्ये ती चूक नव्हती. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती, आणि ती मला दुसऱ्याच दिवशी सापडली होती. एवढंच मला सांगायचं होतं, आणि ते मी तिला सांगितलेलं नाही.

आणि आता ते दुसरं कारण. परवा तिचा फोन आला. आवाज एकदम तरतरीत. भाच्यानं नवा लॅपटॉप आणून दिलाय, म्हणाली. त्या सत्कारानंतर डोक्यातून जातच नाही. जुने छापील कागद बाहेर काढलेत, रोज थोडं थोडं टाइप करतेय, आता वेळच वेळ आहे — पहिल्या ओळीपासून पुन्हा शोधणार आहे.

"सापडेल का रे?" तिनं विचारलं.

"सापडेल की, अक्का," मी म्हणालो.